गुलमर्गला बर्फात जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या गुलमर्ग बॅचला नाव दिलेल्या सगळ्यांसाठी हे. आमच्याशी लोक सगळ्यात जास्त वाद कशावरून घालतात माहितीये? रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन, आभाळ निळंशार, आणि गाईड म्हणतो आज वर जायचं नाही. लोकांना वाटतं हा कामचुकार आहे. पण ॲव्हलांचसाठी, म्हणजे उतारावरून बर्फाचा थर सुटून खाली येण्यासाठी, तोच दिवस सगळ्यात वाईट. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीअर ॲव्हलांचमध्ये दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला तिथल्याच खिलनमर्गजवळ एक रशियन, आणि दोन्ही वेळा त्याआधीच्या दिवसांत ताजा बर्फ पडून गेलेला. आपल्याकडे दोन दिवस धो धो पाऊस झाला की घाटातून गाडी काढताना आपण दरडीकडे बघतच जातो ना, तसंच, फक्त इथे दरड बरेचदा आपल्याच वजनाने सुटते.

कशी सुटते ते सांगतो. सीझनच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो आणि रात्री कडाक्याची थंडी, त्यामुळे जमिनीलगतच्या बर्फाचे जाड साखरेसारखे दाणे होतात, मूठभर घेऊन दाबून बघा, गोळाच होत नाही. त्यावर नवा बर्फ येऊन बसतो, वारा त्याला दाबून लादीसारखा घट्ट करतो, वरून एकदम भक्कम दिसतो, आणि माणूस चढला की खालची साखर ढासळते, धप्प असा आवाज येतो आणि अख्खी लादी निघते. तो धप्प ऐकला की फोटो वगैरे सोडा आणि गाईड सांगेल तसं मागे फिरा.

उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर जपायचं. ३० म्हणजे साधारण सोसायटीच्या जिन्याएवढा, म्हणजे फार काही भयंकर दिसत नाही, तीच गोम आहे. आणि अशा उताराच्या खाली सपाटीवर डबा उघडून बसणं तेवढंच धोक्याचं.

गोंडोलाच्या (म्हणजे केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवटला, साधारण ३,९५० मीटरवर, कोणीही पोचतं. पण स्की पॅट्रोलचं (उतारावर सुरक्षा बघणाऱ्या पथकाचं) लक्ष गोंडोलाखालच्या मुख्य उतारावर, बाजूला गेलात की तुमचं तुम्ही. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा ॲव्हलांचचा इशारा आम्ही रोज बघतो. धोक्याच्या पातळ्या १ ते ५, त्यात ३ मधली वाटते पण ३ म्हणजे एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते, त्यामुळे ३ आली की आमची बॅच झाडीच्या वर जात नाही. विषय संपला.

बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं तिन्ही प्रत्येकाकडे हवं, एक कमी असलं की बाकी दोन निरुपयोगी. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला तर वाचायची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते, आणि तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही, शोधायचं आपणच. म्हणून पहिल्या दिवशी हॉटेलमागे सॅकमध्ये बीकन घालून पुरतो आणि तुम्हाला शोधायला लावतो (हसू नका, पहिल्या खेपेला भलेभले उलट्या दिशेला जातात). शोधताना मोबाईल बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा, नाहीतर सिग्नल बिघडतो.

वरचा दिवस रद्द झाला तर त्या दिवसाची गाईड फी परत मिळेल, हॉटेलचे पैसे नाहीत. बीकनला अल्कलाइन सेल लागतात, दोन सेट इथूनच घेऊन निघा.