ब्रिटनमध्ये घर भाड्याने देताना किंवा व्यवसाय चालवताना 'पॅट' तपासणी: कोणाला लागते, कागद कोणते, प्रक्रिया कशी

"पॅट सर्टिफिकेटसाठी अर्ज कुठे करायचा?" ब्रिटनमध्ये फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांचा, नवं दुकान किंवा ऑफिस थाटणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर दोन शब्दांचं आहे: कुठेच नाही. या तपासणीसाठी सरकारी फॉर्म नाही, पोर्टल नाही, सरकारी फीसुद्धा नाही. जाणकार माणूस बोलवायचा, त्याने उपकरणं तपासायची, त्याचा अहवाल आपण जपून ठेवायचा आणि मागेल त्याला दाखवायचा. घोळ होतो तो कायदा नेमका कोणाला काय सांगतो इथे. मग नको तिथे पैसे जातात आणि जो कागद खरोखर लागतो तो ऐनवेळी सापडत नाही.

पॅट म्हणजे पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग. किटली, टोस्टर, फ्रीज, वॉशिंग मशीन, टेबललॅम्प, एक्स्टेन्शन बोर्ड, थोडक्यात प्लग लावून चालणाऱ्या वस्तूंची तपासणी. भिंतीतलं वायरिंग, फ्यूज बोर्ड आणि सॉकेट यांची तपासणी वेगळी. तिच्या अहवालाला ईआयसीआर म्हणतात. लेटिंग एजंट "इलेक्ट्रिकल सर्टिफिकेट पाठवा" एवढंच लिहितो आणि घरमालक हातात असेल तो कागद पाठवून मोकळा होतो. एजंटला आधी विचारून घ्या की दोन्हीपैकी कोणता हवा आहे. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

सक्ती कुठे आहे, कुठे नाही

देशाच्या सगळ्या भागांत नियम सारखे नाहीत.

स्कॉटलंडमध्ये खासगी घरमालकाला दोन्ही तपासण्या बंधनकारक आहेत. नव्या भाडेकरारांना हा नियम १ डिसेंबर २०१५ पासून लागला आणि वर्षभराने जुन्या करारांनाही. ईआयसीआर आणि मालकाने दिलेल्या उपकरणांची पॅट तपासणी, दोन्ही निदान पाच वर्षांतून एकदा. अहवालाची प्रत भाडेकरूला द्यायची आणि आपल्याकडे सहा वर्षं ठेवायची. हे केलं नाही तर भाडेकरू थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे घरभाड्याचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकतो.

इंग्लंडमध्ये खासगी घरमालकाला २०२० च्या नियमांनी सक्ती केली ती ईआयसीआरची, पॅटची नव्हे. हा अहवाल पाच वर्षांतून एकदा करून घ्यायचा. राहत्या भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला तो राहायला येण्याआधी प्रत द्यायची. कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, मागितला तर सात दिवसांत हजर करायचा. वेल्समध्येही १ डिसेंबर २०२२ पासून नव्या करारांना पाच वर्षांच्या ईआयसीआरचा नियम आहे. सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कौन्सिल किंवा गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांच्या, मालकांना मात्र इंग्लंडमध्ये आता स्वतः दिलेली उपकरणंही तपासून घ्यावी लागतात: नव्या करारांना १ नोव्हेंबर २०२५ पासून, जुन्यांना १ मे २०२६ पासून.

याचा अर्थ इंग्लंडमधला खासगी मालक उपकरणांच्या बाबतीत मोकळा सुटला असा नाही. त्याने दिलेली किटली सुरक्षितच असली पाहिजे. घर एचएमओ असेल, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं एकाच घरात स्वयंपाकघर किंवा बाथरूम सामाईक वापरत असतील आणि त्यासाठी परवाना लागत असेल, तर हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ नुसार परवान्यात एक अट येतेच: उपकरणं सुरक्षित ठेवायची आणि कौन्सिलने मागितलं की तसं लेखी निवेदन द्यायचं. हे निवेदन कशाच्या जोरावर करणार? बहुतेक कौन्सिलांना त्यासाठी पॅटचा अहवालच दिसायला हवा असतो. परवान्याचा अर्ज भरायला घेण्याआधीच तो तयार ठेवलेला बरा.

व्यवसायांसाठी पाया आहे तो इलेक्ट्रिसिटी अ‍ॅट वर्क रेग्युलेशन्स १९८९ चा. त्यात पॅट हा शब्दच नाही. धोका होऊ नये इतपत विजेची व्यवस्था आणि उपकरणं राखा, एवढंच तो कायदा सांगतो. दरवर्षी तपासा, स्टिकर लावा, नोंदवही ठेवा, यातलं काहीही कायद्यात लिहिलेलं नाही. एचएसई, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची सरकारी यंत्रणा, हे स्वतःच सांगते. "वर्षाची तपासणी कायद्याने सक्तीची आहे" असं फोनवर सांगणारी कंपनी माल खपवते आहे, एवढं ओळखावं. विमा पॉलिसीत मात्र तशी अट असू शकते, म्हणून पॉलिसीचा तो भाग वाचून मगच मुदत ठरवा.

किती दिवसांनी

मुदत ठरते ती वस्तू, जागा आणि वापरणारी माणसं यांवरून. ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागेसाठी एचएसईने दिलेले अंदाज असे: धातूच्या बॉडीची, अर्थिंग असलेली किटली किंवा तत्सम वस्तू सहा महिने ते वर्षभरात नजरेने पाहायची आणि एक ते दोन वर्षांत पॅटच्या यंत्राने तपासायची. एक्स्टेन्शन आणि सुट्या केबल एक ते पाच वर्षांत. दुहेरी इन्सुलेशनचा (दुहेरी आवरणामुळे अर्थिंग न लागणारा) पंखा किंवा टेबललॅम्प दोन ते चार वर्षांत नुसता पाहिला तरी पुरतं, यंत्राची गरज नाही. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंना काहीच नको. बांधकामाच्या साइटवर गणित पार बदलतं: २३० व्होल्टचं हत्यार रोज वापरण्याआधी पाहायचं, आठवड्याला नीट तपासायचं आणि महिन्याला यंत्रावर लावायचं.

नवी कोरी वस्तू नामांकित दुकानातून घेतली असेल तर लगेच तपासायला लागत नाही; प्लग आणि केबल शाबूत आहे ना, एवढं पाहिलं की झालं. पावती मात्र जपा, खरेदीच्या तारखेचा तोच पुरावा.

कोण तपासू शकतो

कायद्याला हवा आहे सक्षम माणूस. तो पूर्ण इलेक्ट्रिशियन असलाच पाहिजे असं नाही. ज्याला पॅटचं यंत्र वापरता येतं आणि मुख्य म्हणजे आकड्यांचा अर्थ लावता येतो, तो चालतो. प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून सिटी अँड गिल्ड्सचा २३७७ क्रमांकाचा कोर्स सर्वांत ओळखीचा आहे. स्कॉटलंडमध्ये प्रशिक्षणाचा कागद पाहिल्याशिवाय काम देऊ नका. ईआयसीआरला मात्र पात्र इलेक्ट्रिशियनच लागतो. दोन्ही एकाच भेटीत करणारे इलेक्ट्रिशियन मिळतात, त्यात भाडेकरूलाही एकदाच घरी थांबावं लागतं.

दर बहुधा नगावर असतो आणि त्याला किमान बिलाची जोड असते. कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: प्लगचा फ्यूज बदलण्याचे वेगळे पैसे आहेत का, सुटी केबल वेगळा नग धरणार का, आणि अहवालात प्रत्यक्ष मोजलेले आकडे येणार की नुसतं 'पास'. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला टाळा. दिवसाला शेकडो नग उरकणारा माणूस तपासत नसतो, स्टिकर चिकटवत असतो.

तपासणीआधी तुमची तयारी

आधी यादी करा: खोली, वस्तू, मेक, मॉडेल, सिरियल नंबर. भाडेकरूच्या स्वतःच्या वस्तू यादीत घेऊ नका. त्यांची जबाबदारी तुमच्यावर नाही आणि त्यांचा नगाचा दर मात्र तुमच्या बिलात येतो. घर सोडून गेलेल्या भाडेकरूने मागे टाकलेला हीटर तसाच ठेवलात, तर तो तुम्हीच दिला असं धरलं जाऊ शकतं. एक तर यादीत घ्या, नाही तर उचलून टाका. यादी चालू असतानाच मॉडेल नंबर उत्पादन परत मागवल्याच्या सरकारी यादीत पडताळून पाहा. यंत्रावर बिनचूक पास होणाऱ्या ड्रायरच्या रचनेतच आगीचा धोका असू शकतो, आणि तो पॅटमध्ये कधीच दिसत नाही.

भाडेकरूला निदान २४ तास (स्कॉटलंडमध्ये ४८ तास) आधी लेखी कळवा. वस्तू थोडा वेळ बंद होणार हे स्पष्ट लिहा: फ्रीज मागून ओढावा लागेल, ऑफिसात कॉम्प्युटर बंद करावे लागतील. अर्ध्या वस्तूंपुढे 'पाहता आलं नाही' असा शेरा येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

प्रत्यक्ष तपासणी

निम्म्याहून जास्त दोष यंत्र जोडण्याआधीच दिसतात. चिरलेला प्लग, टेपने गुंडाळलेली केबल, पकडीतून निसटून आतल्या रंगीत तारा दिसणारी वायर. उघडता येणारा प्लग उघडून पाहावा लागतो: निळी तार डावीकडे, तपकिरी उजवीकडे फ्यूजला, हिरवी-पिवळी वर. मग फ्यूज. ७०० वॉटपर्यंतच्या वस्तूला ३ अँपिअर, त्यावर १३ अँपिअर. टेबललॅम्पच्या प्लगमध्ये १३ चा फ्यूज हा जवळजवळ प्रत्येक घरात सापडणारा दोष. बारीक केबलमध्ये बिघाड झाला तर फ्यूज उडण्याआधी केबल तापते. भारतातून नेलेला, गोल पिनांचा प्लग असलेला मिक्सर साध्या ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टरवर लावून भाडेकरूला देऊ नका. तो इथेच बाद होतो.

एक्स्टेन्शनवर काय काय लावलंय तेही पाहिलं जातं. ३,००० वॉटची किटली आणि २,००० वॉटचा हीटर एकाच पट्टीवर म्हणजे जवळपास २२ अँपिअर. १३ चा फ्यूज एवढ्यावर लगेच उडत नाही, बराच वेळ तग धरतो, आणि तेवढ्यात प्लग भाजून तपकिरी होतो. असा डाग दिसला की ती पट्टी गेली असं समजायचं.

यंत्राच्या दोन चाचण्या मुख्य. पहिली अर्थिंगची, धातूच्या बॉडीच्या, म्हणजे क्लास एक वस्तूंसाठी. मर्यादा ०.१ ओहम अधिक केबलच्या अर्थ तारेचा स्वतःचा रोध. हा दुसरा भाग विसरला जातो. १.२५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१५६ ओहम, म्हणजे दहा मीटर एक्स्टेन्शनची मर्यादा ०.१ नव्हे, तर ०.२५६ ओहम. यंत्रावर ०.२२ दिसलं की आळशी तपासनीस चांगली एक्स्टेन्शन नापास करतो आणि तुम्ही नवी घेता. उलट चूकही होते: रंग दिलेल्या पत्र्यावर यंत्राच्या वायरचं टोक टेकवलं की अर्थ नाहीच असं दिसतं.

दुसरी इन्सुलेशनची, ५०० व्होल्ट डीसीवर. क्लास एकला किमान १ मेगाओहम, दुहेरी इन्सुलेशनच्या क्लास दोनला २ मेगाओहम. क्लास दोनची खूण म्हणजे चौकोनात चौकोन. या चाचणीत वस्तूचं बटण चालू स्थितीत हवं. ते बंद राहिलं तर केबल तेवढी तपासली जाते, आतली वस्तू नाही, आणि निकाल मात्र झकास येतो. इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या वस्तूत ते यंत्रावर चालूच करता येत नाही, तिथे वस्तू सुरू ठेवून गळतीचा प्रवाह मोजतात. बरेच दिवस न वापरलेल्या इस्त्रीच्या किंवा ओव्हनच्या कॉइलमध्ये ओल धरलेली असते, त्यामुळे आकडा खाली येतो. अशी वस्तू नजरेत ठेवून थोडा वेळ तापवायची आणि पुन्हा मोजायची, लगेच फेकायची नाही.

हाती काय कागद हवेत

अहवालात असावं ते असं: जागेचा पत्ता, तारीख, तपासनिसाचं नाव आणि सही, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, वर्णन आणि ठिकाण, तिचा क्लास, नजरेने पाहिल्याचा निष्कर्ष, मोजलेले आकडे, फ्यूजचं रेटिंग, पास की नापास, आणि पुढच्या तपासणीची सुचवलेली तारीख. वस्तूवरच्या स्टिकरचा क्रमांक अहवालाशी जुळला पाहिजे. तपासणीच्या यंत्राच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते अचूक मोजतं याचा, कागद सहसा कोणी मागत नाही, पण वाद कोर्टापर्यंत किंवा विमा कंपनीपर्यंत गेला की पहिला प्रश्न तोच येतो. त्याची एक प्रत आधीच घेऊन ठेवा.

फाइल प्रत्येक घराची वेगळी करा: ईआयसीआर, पॅट अहवाल, खरेदीच्या पावत्या, भाडेकरूला प्रत पाठवल्याचा ईमेल. शेवटचा कागद लोक विसरतात. अहवाल होता पण दिला नव्हता, असं निघालं तर तो नसल्यातच जमा.

नापास वस्तू त्याच दिवशी वापरातून काढा. प्लग किंवा फ्यूजचा दोष असेल तर दुरुस्त करून पुन्हा तपासायचा आणि अहवालात दुसरी नोंद करायची, पहिली खोडायची नाही. आतला बिघाड असेल तर स्वस्त वस्तूच्या दुरुस्तीच्या नादी लागू नका. टाकून देण्याआधी प्लग कापा, आणि कापलेला प्लगही वेगळा नष्ट करा. उघड्या तारांचा प्लग कोणी सॉकेटमध्ये खुपसला तर त्या तारांत वीज येते.