पिम, जोशुआ

पिम, जोशुआ : (२० मे १८६९–१५ एप्रिल १९४२). आयरिश हौशी टेनिसपटू व डॉक्टर. विम्बल्डनचे १८९३ व १८९४ चे पुरुष एकेरी विजेते. जन्म आयर्लंडमधील विक्लो परगण्यात, ब्रे येथे.

त्या काळी गतविजेता फक्त आव्हान सामना खेळे. बाकीचे स्पर्धक आपसांत झुंजून आव्हानवीर ठरवीत. विल्फ्रेड बॅडली यांच्याकडून १८९१ व १८९२ मध्ये हरलेल्या पिम यांनी १८९३ मध्ये पहिला सेट गमावूनही त्यांना ३–६, ६–१, ६–३, ६–२ असे नमविले. पुढच्या वर्षी १०–८, ६–२, ८–६ असा सरळ विजय मिळविला. १८९५ मध्ये ते विजेतेपद राखण्यास उतरले नाहीत. दंतवैद्य फ्रँक स्टोकर यांच्या जोडीने त्यांनी विम्बल्डनची दुहेरी १८९० व १८९३ मध्ये जिंकली. आयरिश स्पर्धेत ते १८९३ ते १८९५ अशी सलग तीन वर्षे एकेरीचे विजेते होते.

सर्वाधिक वाद आहे तो डेव्हिस चषक या देशांच्या संघांमधील टेनिस स्पर्धेसाठी १९०२ मध्ये झालेल्या निवडीचा. ब्रिटिश संघात त्यांचे नाव प्रारंभी ‘मिस्टर एक्स’ असे गुप्त ठेवले होते. डॉक्टरी पेशामुळे, असे सामान्यतः मानले जाते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील क्रेसेंट अ‍ॅथ्लेटिक क्लबवर झालेल्या लढतीत त्या वर्षीचे विम्बल्डन विजेते लॉरेन्स डोहर्टी यांना वगळून पिम यांना एकेरीत उतरविण्यात आले. पिम तेव्हा ३३ वर्षांचे, अंगाने सुटलेले व मोठ्या स्पर्धांपासून दुरावलेले होते. अमेरिकेच्या माल्कम व्हिटमन यांनी त्यांना ६–१, ६–१, १–६, ६–० आणि विल्यम लार्नेड यांनी ६–३, ६–२, ६–३ असे हरविले. अमेरिकेने लढत ३–२ अशी जिंकली. ब्रिटिश कर्णधार कॉलिन्स यांना लॉरेन्स दुहेरीसाठी ताजेतवाने हवे होते, हे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक देतात. परंतु दुहेरी सामना शेवटी झाला. लॉरेन्स व रेजिनाल्ड या डोहर्टी बंधूंनी तो जिंकला तेव्हा चषकाचा निकाल लागून गेला होता. पराभवाचे खापर पिम यांच्या माथी फोडले जाते, तथापि दोष निवडीचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दोन वेळच्या विम्बल्डन विजेत्याची ओळख या दोन सामन्यांवरून ठरविणे अन्यायाचे आहे.

पुढील आयुष्य डब्लिन परिसरात वैद्यकीय व्यवसायात गेले. लॉकलिन्सटाऊन येथील रुग्णालयाशी त्यांचा संबंध होता. मृत्यू डब्लिनजवळील किलायनी येथे.