डोंगल घ्यावा की कार्ड? आधी अँटेना कुठे उभा राहील ते बघा

डेस्कटॉपला वायफाय नाही आणि राउटरपासून वायर ओढायचीही सोय नाही. अशा वेळी स्वस्तातले दोनच पर्याय उरतात. एक, पेनड्राइव्हसारखा दिसणारा यूएसबी डोंगल. दुसरा, कॅबिनेट उघडून मदरबोर्डात खोचायचं पीसीआयई कार्ड. दोघांच्या खोक्यावर आकडे तेच, दावेही तेच. त्यामुळे निवड बहुतेक वेळा एका समजुतीवर होते : कार्ड आत बसतं म्हणजे ते दमदार, डोंगल म्हणजे तात्पुरती सोय.

हे अर्धंच खरं आहे. दोन्हींच्या पोटातली चिप पुष्कळदा एकाच घराण्यातली असते. फरक पडतो तो चिपपासून संगणकापर्यंतच्या रस्त्यामुळे, आणि त्याहून कितीतरी जास्त अँटेना कुठे आहे त्यामुळे.

रस्त्याचं आधी उरकून घेऊ. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस. प्रत्यक्षात त्यातले तीनशेच्या आसपास हाती लागले तरी पुष्कळ. आता खोक्यावर 'एसी १२००' लिहिलेलं असतं (एसी ही वायफायची एक पिढी). हे १२०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० यांची बेरीज, वर थोडं गोल केलेली. असा डोंगल एका वेळी या दोनपैकी एकाच बँडवर (लहरपट्ट्यावर) जोडलेला असतो, त्यामुळे ती बेरीज कधीच कुणाच्या वाट्याला येत नाही. त्यात डोंगल यूएसबी २.० चा असेल, तर ते ८६७ सुद्धा दारातच अडतात. कार्डाचं तसं नाही. दुसऱ्या पिढीच्या पीसीआयईची एकच लेन (डेटाची एक मार्गिका) सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट, म्हणजे ४००० एमबीपीएस वाहून नेते. या दर्जाच्या वायफायला तो हमरस्ता आहे. अर्थात तुमचं इंटरनेटच १०० एमबीपीएसचं असेल तर हा सगळा हिशोब बिनकामाचा. घरातल्या घरात मोठ्या फायली इकडून तिकडे करणाऱ्यालाच तो जाणवेल.

आता अँटेना. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. साध्या अँटेनाला तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे तीनेक सेंटिमीटर जागा मिळाली की तो सुखात असतो. नखाएवढा नॅनो डोंगल पोर्टाबाहेर सेंटिमीटरभरही डोकावत नाही. त्यात कसाबसा दुमडून बसवलेला अँटेना, आणि त्याला लागून कॅबिनेटची भलीमोठी पत्र्याची भिंत. मग राउटर पुढच्या खोलीत असूनही दोनच कांड्या दिसतात.

कार्डाला अँटेनाचे चांगले दोन दांडे असतात, ते बाहेरही येतात, पण येतात कुठे? कॅबिनेटच्या मागे. आणि कॅबिनेट असतं टेबलाखाली, पाठ भिंतीला लावून, वायरींच्या जाळ्यात. राउटर समोरच्या बाजूला असेल तर दांडे आणि राउटर यांच्यामध्ये अख्खं पत्र्याचं खोकं. कार्ड घेऊनही 'रेंज येत नाही' म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. यावर उपाय म्हणजे मीटरभर वायर असलेला, बुडाला चुंबक असलेला अँटेना. तो टेबलावर आणून ठेवता येतो. काही कार्डांसोबत तो येतोच.

डोंगलचा उपाय आणखी सोपा : यूएसबीची एक्स्टेंशन वायर. माझ्याकडे एक साधा डोंगल कॅबिनेटच्या मागे लावलेला असताना सिग्नल उणे ७४ डीबीएम दाखवत होता (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). तोच एक मीटरच्या वायरने टेबलाच्या कडेवर आणला आणि आकडा उणे ५९ वर गेला. पंधराचा फरक दिसायला किरकोळ, पण या मोजमापात दर १० डीबीला शक्ती दहापट होते. म्हणजे पंधराला साधारण तीसपट! खर्च एका वायरीचा.

या वायरीचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३.० चं (बहुतेकदा निळं) पोर्ट, वायर आणि त्यावर चालणारी हार्ड डिस्क यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपणच काढलं होतं. फाइल कॉपी करायला घेतली की वायफाय आणि वायरलेस माउस दोन्ही अडखळतात, ते यामुळे. डोंगल त्या निळ्या पोर्टांच्या गर्दीतून लांब न्या, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जा.

बसवण्यात कार्डाला थोडी हिंमत लागते, कौशल्य फारसं नाही. मागचा स्विच बंद करा, पॉवरची वायर काढा आणि सुरू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जिरू द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपऐवजी तिथे उतरेल. मागची पत्र्याची पट्टी काढा आणि जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या छोट्या स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबा. छोटा स्लॉट जाड ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल तर लांब स्लॉटही चालतो. स्क्रू पिळा आणि मगच बाहेरून दांडे लावा, बोटांनी, पक्कड न वापरता. दोन्ही लावा. एकावरही नेट चालतं, म्हणून लोक दुसरा खोक्यातच ठेवतात.

ब्लूटूथवाल्या कार्डात एक गंमत आहे. वायफाय स्लॉटमधून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीवर. त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडणीपर्यंत एक बारीक वायर न्यावी लागते. पहिल्या वेळी ती वायर मी जास्तीची समजून पिशवीत टाकली आणि नंतर अर्धी संध्याकाळ ब्लूटूथचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्रॅम, शोधत बसलो.

याहून मोठी फसगत कार्डाच्या नावात आहे. बरीच स्वस्त कार्डं म्हणजे नुसती पाटी असते, तिच्यावर लॅपटॉपचं छोटं एम.२ कार्ड बसवलेलं. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० अशा पाटीवर चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचं निम्मं काम संगणकाच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डाचा कारभार बघणाऱ्या चिपमध्ये) होतं. पाटीवर बसवली तर ती संगणकाला दिसतच नाहीत. सुटे भाग घेऊन जोडणाऱ्यांनी शेवटचा आकडा दोनदा वाचावा.

डोंगलचा गोंधळ वेगळा : तो ड्रायव्हरचा. खोक्यात सीडी येते आणि संगणकाला सीडी ड्राइव्ह नसतो. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा तर नेटसाठीच तर डोंगल आणलाय! अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट संगणकाला देणं, सुरू करा, काम होतं. काही डोंगल आधी स्वतःच सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात आणि ड्रायव्हर पोटातूनच देतात. विंडोजवर हे सोयीचं, लिनक्सवर कधीकधी तो सीडीच बनून राहतो आणि त्याला मोडस्विच नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने हलवावं लागतं. लिनक्सवाल्यांनी ब्रँडऐवजी चिपचं नाव बघावं. रिअलटेकच्या ८८२२बीयू, ८८२१सीयू अशा काही यूएसबी चिपना लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ६.२ पासून आतूनच आधार मिळाला. त्याआधी ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावा लागे, आणि कर्नल बदलला की पुन्हा तेच.

डोंगल मधूनच गायब होत असेल तर तो खराब ठरवण्याआधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी तो बंद करण्याची परवानगी काढून घ्या. नॅनो डोंगल तापतोही फार, बोट लावून बघा.

मला विचाराल तर, संगणक एका जागी पक्का असेल, ब्लूटूथही हवं असेल आणि अँटेना टेबलावर आणता येत असेल तर कार्ड. भाड्याची जागा, जुना संगणक किंवा वॉरंटीचं सील तोडायचं नसेल, तर यूएसबी ३.० चा, बाहेर दांडा असलेला डोंगल आणि सोबत वायर. नॅनो डोंगल डेस्कटॉपसाठी मी तरी घेणार नाही.

पण काहीही मागवण्याआधी कॅबिनेटची मागची बाजू टॉर्च मारून बघा. यूएसबी पोर्टांच्या रांगेत आटे असलेले दोन सोनेरी खुंट दिसले, तर वायफाय मदरबोर्डातच असण्याची दाट शक्यता आहे. दांडे मदरबोर्डाच्या खोक्यात तसेच पडून असतील.