लहान विमानतळांमधला प्रवास : अंतर किती आणि वेळ किती?

आमच्याकडे तिकीट काढायला येणारे बरेचजण अंतर आधीच बघून आलेले असतात. "चारशे किलोमीटर तर आहे, पाऊण तासात पोचू की!" गणित बरोबर असते, पण त्यात जमिनीवर जाणारा वेळ धरलेला नसतो.

आधी अंतराचे बघू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी बोट ठेवून मध्ये दोरा ताणला की जो मार्ग मिळतो, त्याची लांबी म्हणजे विमानाचे अंतर. ते कधी किलोमीटरमध्ये, तर कधी सागरी मैलांत दिलेले असते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, त्यामुळे एकीकडे २१६ आणि दुसरीकडे ४०० दिसले तर गोंधळू नका, दोन्ही एकच. प्रत्यक्ष उड्डाण याहून थोडे जास्तच भरते. हवाई मार्ग ठरलेले असतात, आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला विमानाला वळसा घ्यावा लागतो.

लहान विमानतळांवर बहुधा पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप विमाने येतात. त्यांचा वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे ४०० किलोमीटरला ४८ मिनिटे. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असला की तोच टप्पा एका तासाचा होतो आणि परत येताना ४० मिनिटांत उरकतो. जाण्यायेण्याच्या वेळा सारख्या नसल्या तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

आता जमिनीवरचे. कित्येक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता, नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच शेवटच्या टोकापर्यंत हळूहळू जाते, तिथे वळते आणि मग उड्डाण करते. तोवर उतरायला आलेल्या दुसऱ्या विमानाला वर घिरट्या घालत थांबावे लागते. वेळापत्रकात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ धरतात, म्हणून तिथे ४८ मिनिटांऐवजी सव्वा तास दिसतो. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात, हेही वजाबाकी करताना ध्यानात असू द्या.

थेट विमान नसेल तर मात्र अंतराला फारसा अर्थ उरत नाही. मोठ्या विमानतळावर उतरून दुसरे विमान धरायचे म्हटले की चारशे किलोमीटरला अर्धा दिवस सहज जातो. अशा वेळी रेल्वे किंवा रस्ता सोयीचा असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो, तिकीट गेले तरी चालेल. विमानानेच जायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. तिकिटे वेगवेगळी असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर पुढचे चुकल्याचा भुर्दंड बहुधा प्रवाशालाच पडतो.

चौकशीला येताना घरून किती वाजता निघता येईल आणि मुक्कामी किती वाजेपर्यंत पोचायलाच हवे, या दोन वेळा सांगा. त्यावरून उलटा हिशेब करून आम्ही विमान सुचवतो.