सिंगल-सीटर रेसिंग कार : डिझाइन कसं बदलत गेलं

सिंगल-सीटर म्हणजे एकटा ड्रायव्हर मावेल एवढीच जागा असलेली, चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असलेली आणि रेस सोडून दुसऱ्या कशाच्याही कामाची नसलेली गाडी. फॉर्म्युला वन हा तिचा सगळ्यात गाजलेला प्रकार. क्लासिक म्हटलं की साधारण १९३० च्या दशकापासून १९८० च्या आसपासपर्यंतच्या गाड्या धरतात. या काळात बदललं खूप काही, पण बहुतेक बदलांच्या मुळाशी प्रश्न एकच सापडतो, की माणूस कुठे बसवायचा आणि इंजिन कुठे.

सुरुवातीला या गाड्या सिंगल-सीटर नव्हत्याच. ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक बसायचा, वाटेत काही बिघडलं तर उतरून दुरुस्त करायला. १९२५ पासून ग्रां प्रीमध्ये, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय रेसमध्ये, मेकॅनिक बसवणं बंद झालं, तरी गाडीची रुंदी आणखी काही वर्षं दोन माणसांचीच राहिली. खरी एकट्याची ग्रां प्री गाडी म्हणतात ती १९३२ ची अल्फा रोमिओ पी ३, डिझायनर व्हित्तोरिओ यानो. इंजिन पुढे, सरळ रांगेत आठ सिलिंडर. हीच गाडी घेऊन इटालियन ड्रायव्हर नुवोलारीने १९३५ मध्ये न्युर्बुर्गरिंगला, म्हणजे जर्मनांच्या घरात, मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन टीम्सना हरवलं, तेव्हा पी ३ जुनी झालेली होती.

ऑटो युनियनने मात्र तेव्हाच इंजिन मागे नेलेलं. फर्डिनांड पोर्शंच्या त्या डिझाइनमध्ये सोळा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मध्ये पेट्रोलची टाकी, त्यामुळे टाकी रिकामी होत गेली तरी तोल फारसा बिघडत नसे. कल्पना बरोबर होती, पण ड्रायव्हर अगदी नाकाशी बसलेला, मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचं (चाक वर-खाली झालं की तिरकं होणारं), मागची बाजू सुटायला लागली की कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. बेर्न्ड रोझेमायरसारखा मोटरसायकलवरून आलेला पोरगा ती लीलया चालवायचा, बाकीच्यांचा घाम निघायचा. महायुद्धानंतर बहुतेकांनी मग इंजिन पुढेच ठेवलं. अल्फा रोमिओची अल्फेटा, मासेराटी २५० एफ, व्हॅनवॉल सगळ्या तशाच. २५० एफ बघायला आजही सगळ्यात देखणी, हे माझं मत, पण त्यात ड्रायव्हर उंच बसतो आणि वारा अंगावर घेतो.

इंजिन कायमचं मागे गेलं ते काही मोठ्या थिअरीमुळे नाही, चेनमुळे! इंग्लंडमधल्या सर्बिटनच्या गॅरेजमध्ये कूपर बापलेकांनी युद्धानंतर ५०० सीसीच्या स्वस्त रेसिंगसाठी गाडी जुळवली, फियाट टोपोलिनोचे पार्ट घेऊन आणि जॅप कंपनीचं मोटरसायकलचं इंजिन लावून. मोटरसायकलचं इंजिन म्हणजे चेन आलीच, आणि चेनने मागची चाकं फिरवायची तर इंजिन मागे ठेवणंच सोपं, एवढाच हिशोब होता. पुढे त्याच मांडणीवर मोठ्या गाड्या बनवल्या तेव्हा फायदे दिसायला लागले. पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत सीटखालून जाणारा शाफ्ट गेला, माणूस खाली बसला, गाडी बुटकी आणि हलकी झाली.

१९५८ ला ब्युनोस आयर्समध्ये ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस रॉब वॉकरच्या खासगी टीमची कूपर घेऊन उतरला. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, समोर फेरारीची जास्त ताकदवान डिनो. कूपरची चाकं चार नटांची, बदलायला खूप वेळ खाणारी, म्हणून त्यांनी पिटमध्ये टायर काढून ठेवले, आता बदलणारच असा देखावा केला आणि मॉस थांबलाच नाही. फेरारीवाले वाट बघत राहिले. शेवटी टायरचं रबर संपून आतलं कापड दिसायला लागलेलं आणि मॉस २.७ सेकंदांनी जिंकला. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मागच्या इंजिनची ही पहिली जीत. १९५९ आणि १९६० ची दोन्ही जेतेपदं कूपरमध्ये बसून जॅक ब्रॅबहॅमने नेली, पुढच्या इंजिनची शेवटची जीत १९६० ला इटलीतल्या माँझाला फिल हिलने फेरारीत मिळवली, तीही मोठ्या ब्रिटिश टीम्सनी बहिष्कार टाकलेला असताना.

नंतर सूत्रं लोटस टीमचा मालक आणि डिझायनर कॉलिन चॅपमन याच्याकडे गेली. तोवर चासी म्हणजे बारीक पाइप त्रिकोणात वेल्ड करून बनवलेला सांगाडा. १९६२ च्या लोटस २५ मध्ये पाइप गेले, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून दोन्ही बाजूंना पोकळ पेट्या केल्या, त्यातच पेट्रोलच्या रबरी पिशव्या, आणि मध्ये ड्रायव्हर जिम क्लार्क जवळजवळ आडवा. वजन कमी झालं आणि चासीचा पीळ पडणंही. गंमत म्हणजे इतर टीम्सना चॅपमनने त्याच वर्षी पाइपवाली लोटस २४ विकलेली, २५ बघून त्यांचं डोकं फिरलं असणारच. क्लार्कने १९६३ मध्ये १० पैकी ७ रेस जिंकल्या. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये आणखी पुढची पायरी, मागे चासीच नाही, कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन थेट ड्रायव्हरच्या पाठीशी बोल्टने बसवलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सला टांगलं. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला पहिल्याच रेसमध्ये क्लार्क जिंकला. ही मांडणी आजही तशीच आहे.

त्यानंतर लक्ष हवेकडे गेलं. १९६८ मध्ये उलटे विंग आले, म्हणजे विमानाच्या पंखासारखे पण गाडीला खाली दाबणारे, ते उंच काठ्यांवर लावायचे, १९६९ ला बार्सिलोनाच्या माँटजुइकला ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांचे तुटले आणि लगेच उंच विंगवर बंदी आली. १९७० च्या लोटस ७२ ने रेडिएटर नाकातून काढून बाजूला नेले आणि जुना चिरुटासारखा आकार जाऊन पाचरीचा आला. टिरेलची सहा चाकांची पी ३४ सुद्धा याच दशकातली, १९७६ ला स्वीडनमध्ये पहिली-दुसरी आली, पण पुढच्या छोट्या टायरवर टायर कंपनीने पुढे काम केलं नाही म्हणून ती वाट तिथेच संपली. लोटस ७८ आणि ७९ ने बाजूच्या पॉडखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांखाली, उलट्या विंगचा आकार दिला, कडेला सरकत्या पट्ट्या (स्कर्ट) लावून बाहेरची हवा खाली शिरणं अडवलं, त्यामुळे गाडी रस्त्याला खेचली जायची आणि १९७८ चं जेतेपद मारिओ अँड्रेटीला मिळालं. कोपऱ्यावरचा वेग फारच वाढल्याने १९८३ पासून तळ सपाट ठेवायची सक्ती झाली.

ॲल्युमिनियमची जागा कार्बन फायबरने घेतली ती १९८१ च्या मॅकलारेन एमपी४/१ मध्ये. डिझायनर जॉन बार्नार्डच्या या गाडीवर लोक शंका घेत होते, आदळली की भुगा होईल म्हणून. त्याच वर्षी माँझाला तिचा ड्रायव्हर जॉन वॉटसन कडेला आदळला, इंजिन आणि गिअरबॉक्स मागून तुटून वेगळे झाले आणि तो स्वतः कॉकपिटमधून उतरून चालत गेला.