सिनेमातलं उत्तर इंग्लंड: पाऊस, धुराडी आणि आपला मेंदू

उत्तर इंग्लंडच्या कामगारांवरचे जुने सिनेमे बघायला घेतले की एक शॉट हमखास भेटतो, टेकडीवरून दिसणारं गाव, खाली एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, मागे गिरणीचं धुराडं आणि वर राखाडी आभाळ. 1960 च्या आसपासच्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांत तो इतक्यांदा आला की समीक्षकांनी त्याला नावच पाडलं, 'त्या टेकडीवरून आपल्या गावाचा तो लाँग शॉट'.

गाव खरं, धुराडंही खरं. पण बाकीचं गाळून तेवढंच दाखवलं की डोक्यात काय होतं बघा. पावसाचंच घ्या, मँचेस्टर म्हटलं की धो धो पाऊस असं वाटतं ना? तिथे वर्षाला साधारण 850 मिलिमीटर पडतो, मुंबईत 2000 च्या वर! तिकडे रिपरिप जास्त दिवस चालते हे खरं, पण कॅमेरा नेमका त्याच दिवशी बाहेर पडतो.

यामागे मेंदूची एक सवय आहे. 1976 साली हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना 39 वाक्यं वाचायला दिली, 26 वाक्यं 'अ' गटातल्या माणसांबद्दल, 13 'ब' गटातल्या. 'अ' मध्ये 18 चांगली 8 वाईट, 'ब' मध्ये 9 चांगली 4 वाईट, म्हणजे प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखं. तरी नंतर विचारल्यावर लोकांनी वाईट वागणं 'ब' च्या खात्यात खऱ्यापेक्षा जास्त टाकलं. कमी दिसणारा गट आणि कमी दिसणारी वाईट गोष्ट एकत्र आली की ती डोळ्यात भरते आणि तीच लक्षात राहते.

आता हे सिनेमाला लावून बघा. पडद्यावर लंडनचा डॉक्टर येतो, चोर येतो, जज येतो, त्यामुळे तिथला एक दारुडा बाप म्हणजे फक्त एक दारुडा बाप. उत्तरेकडची पात्रंच मोजकी, त्यातला एक बाप पोराला मारताना दिसला की अख्खा यॉर्कशर, म्हणजे उत्तरेकडचा तो मोठा परगणाच, तसा वाटायला लागतो.

बोलीचंही तेच. लंडनवाला 'कप' म्हणतो तिथे यॉर्कशरचा माणूस 'कुप' च्या जवळपास जाणारं काहीतरी म्हणतो. फरक एका स्वराचा, पण दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. पुढे 1970 च्या दशकात हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञांनी एकाच माणसाचा आवाज वेगवेगळ्या धाटणीत ऐकवून लोकांना मार्क द्यायला लावले, प्रमाण उच्चाराला हुशारीचे मार्क जास्त मिळाले आणि गावाकडच्या बोलीला प्रामाणिकपणाचे, मनमिळाऊपणाचे. माणूस तोच हां! सिनेमाही बरोबर हीच वाटणी करतो, उत्तरेकडचा कामगार मनाने सोनं, पण डोक्याचं काम दुसऱ्याचं.

आणि ज्याच्याकडे डोकं किंवा कला असते तो गाव सोडतो. 'बिली इलियट' (2000) मला मनापासून आवडतो, 1984-85 च्या कोळसा खाण कामगारांच्या संपातला, उत्तरेतल्या डरहॅमकडचा पोरगा बॅले शिकायला लंडनला जातो, डोळे भरून येतात. पण मागे राहिलेल्यांकडे काहीच नव्हतं का? 'द फुल मॉन्टी' (1997) मधले बेकार पोलाद कामगार ज्या शेफिल्डचे, त्याच शेफिल्डमध्ये 1913 साली हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद बनवलं, आज आपल्या घरातली ताट-वाटी त्याच स्टीलची. हा माणूस भट्टीवरच्या कामगाराचा मुलगा, बाराव्या वर्षी शाळा सुटलेली.

उत्तरेतल्याच लँकेशर परगण्यातल्या कापड गिरण्यांचं तर मला फारच वाटतं, कारण आपल्या गिरणगावात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं होती, नातं जुनं आहे. तिथे मागांचा खडखडाट इतका की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग विणकाम करणाऱ्या बायकांनी स्वतःची एक पद्धत काढली, ओठ मोठे मोठे हलवून बोलायचं, चेहरा आणि हात वापरायचे, समोरची ओठ वाचून उत्तर देणार, तेही हात मागावर चालू ठेवून. याला त्या 'मी-मॉ' म्हणायच्या. गिरणीच्या सगळ्या खात्यात गप्पा, टिंगल, घरची दुखणी, सगळं आवाजाशिवाय चाललेलं. टेकडीवरून हे दिसत नाही, कॅमेरा खात्यात, त्या बायकांच्या तोंडासमोर न्यावा लागतो.