सरकारी नकाशा संकेतस्थळांची सुगम्यता

शासनाने नकाशाच्या रूपात खुली केलेली माहिती अपंग नागरिकांना दुसऱ्याच्या मदतीवाचून मिळवता आणि वापरता येणे, याला सरकारी नकाशा संकेतस्थळांची सुगम्यता म्हणतात. जमिनीच्या हद्दी, शहरांचे विकास आराखडे, हवामानाचे इशारे, पूररेषा, मतदान केंद्रे अशी बरीच माहिती आता आधी नकाशावर येते आणि कधीकधी फक्त तिथेच असते. सुगम्य नकाशाची कसोटी सोपी आहे. डोळस माणूस नकाशा पाहून ज्या प्रश्नाचे उत्तर मिळवतो, तेच उत्तर अंध, अल्पदृष्टी, रंगांधळ्या किंवा माऊस हाताळू न शकणाऱ्या माणसाला त्याच दिवशी आणि तितक्याच नेमकेपणाने मिळाले पाहिजे.

अडथळे

पडद्यावरचा नकाशा बहुधा लहान चौकोनी प्रतिमांचे तुकडे जोडून तयार होतो आणि त्यावर हद्दी, रस्ते, खुणा यांचे स्तर चढवले जातात. लीफलेट आणि ओपनलेयर्स या मुक्त स्रोत प्रणाली जगभर यासाठी वापरल्या जातात. अंध व्यक्ती ज्या स्क्रीन रीडरवर अवलंबून असते, तो पानावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये बदलतो. चित्राच्या तुकड्यात मजकूर नसेल तर त्याला वाचायला काहीच मिळत नाही. गावाचे नाव डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण ते प्रतिमेतच रंगवलेले असल्यामुळे संगणकाच्या लेखी तिथे शब्दच नसतो.

दुसरा अडथळा हाताळणीचा. नकाशा ओढणे, चाक फिरवून मोठा करणे, बारीकशा तुकड्यावर नेमकी टिचकी मारणे ही कामे माऊस धरूनच रचलेली असतात. हाताला कंप असलेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा फक्त कीबोर्ड वापरणाऱ्या माणसाला ती जमत नाहीत. काही ठिकाणी टॅबच्या कळीने नकाशात शिरता येते, पण बाहेर पडता येत नाही आणि पानाचा उरलेला भाग हाती लागत नाही.

अनेक सरकारी पानांच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याची आणि रंगसंगती बदलण्याची बटणे असतात. त्यांचा उपयोग मजकुरापुरता आहे. प्रतिमेतली अक्षरे त्यांनी मोठी होत नाहीत. ती बटणे लावली म्हणून संकेतस्थळ सुगम्य झाले असे मानणे ही मोठी फसगत आहे.

जमिनीचा नकाशा आणि चतुःसीमा

महाराष्ट्रात या प्रश्नाची धार सर्वांत जास्त जाणवते ती जमिनीच्या नोंदींत. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक दिला की त्या तुकड्याचा नकाशा दिसतो. त्यामागची भूनकाशा ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आहे. यादीतून गाव निवडण्याची आणि गट क्रमांक टाकण्याची ही वाट सुगम्यतेच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण नकाशावर बोट न ठेवताही शोध घेता येतो. यादीतल्या प्रत्येक रकान्याला संगणकाला कळेल असे नाव हवे आणि निवड बदलल्यावर पुढची यादी भरली गेल्याची सूचना ऐकू यायला हवी. वडगाव किंवा पिंपळगाव नावाची गावे अनेक आहेत, म्हणून गावाबरोबर तालुकाही उच्चारला गेला पाहिजे.

खरी अडचण शोधानंतर येते. उत्तर म्हणून चित्रच समोर येते. आपल्या रानाच्या कडेने पाणंद जाते की नाही, ओढा कोणत्या अंगाला आहे, शेजारचा गट कोणता, हे अंध खातेदाराला दुसऱ्याला विचारावे लागते. भाऊबंदकीचा वाद असलेल्या घरात तो दुसरा माणूस कदाचित विरुद्ध बाजूचाच असतो. जमिनीच्या बाबतीत परावलंबन किती महाग पडते हे गावात कुणाला सांगावे लागत नाही.

यावरचा उपाय आपल्या दस्तांत पूर्वापार आहे. खरेदीखतात जमिनीचे वर्णन चतुःसीमेने करतात: पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस पाणंद रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस तमुक गट. चतुःसीमा हा शब्दांत लिहिलेला नकाशाच आहे. गटांच्या हद्दी एकदा आकृतीऐवजी निर्देशांकांच्या, म्हणजे प्रत्येक बिंदूचे स्थान सांगणाऱ्या आकड्यांच्या रूपात साठवल्या की कोणत्या गटाची कोणत्या दिशेला कुणाशी किती सामाईक हद्द आहे हे संगणक काढू शकतो आणि त्याची वाक्ये नकाशाशेजारी मांडू शकतो. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये आणि रस्त्याला लागून असल्यास तो उल्लेख, एवढे जोडले की रोजच्या बहुतेक प्रश्नांची सोय होते. कागदावरच्या मोजणीची जागा हे वर्णन घेणार नाही, तशी ती पडद्यावरचा नकाशाही घेत नाही. डोळस शेतकऱ्यालाही नकाशापेक्षा हे वर्णन पटकन कळेल.

रंग

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल अशा चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, लाल म्हणजे तातडीने कृती करा. रंगांधळेपणाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार नेमका लाल आणि हिरव्यातला फरक पुसट करणारा आहे, आणि तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. विभागाच्या पत्रकांत हेच इशारे शब्दांतही असतात. नकाशावरही जिल्ह्याच्या नावाशेजारी इशाऱ्याचा शब्द, किंवा रंगासोबत रेघा-ठिपक्यांची वेगळी भरण दिली तर पत्रक शोधत बसावे लागत नाही. विकास आराखड्यांत साधारणपणे निवासी भाग पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा आणि मोकळ्या जागा हिरव्या दाखवतात. तिथेही प्रत्येक भूखंडाची नोंद शब्दांत मिळाली पाहिजे.

मराठीपुरते प्रश्न

पानाच्या संकेतावलीत भाषा मराठी असल्याचे नमूद नसेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने देवनागरी वाचू पाहतो किंवा अक्षरे गाळतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचकाला मराठी येते, त्यामुळे साधन नाही ही सबब उरत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हे जुने दुखणे आहे. तो पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण आतून रोमन चिन्हांची खिचडी असतो आणि आवाजात निरर्थक ऐकू येतो. स्कॅन करून चढवलेल्या आराखड्यांच्या सूचना त्याहून वाईट, कारण त्यांत अक्षरेच नसतात. नकाशाच्या माहितीसाठ्यात गावांची नावे फक्त रोमन लिपीत असतील तर उच्चार बिघडतात आणि देवनागरीत शोधणाऱ्याला गाव सापडत नाही. चित्रातली अक्षरे ओळखून लिहायला लावणारी कॅप्चाची पायरी तर अंध माणसाला दारातच अडवते. तिला ध्वनीचा पर्याय द्यावा, आणि तोही मराठीत.

मानके

वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेची वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे जगभर आधारभूत मानली जातात. त्यांची २.० आवृत्ती २००८ मध्ये, २.१ आवृत्ती २०१८ मध्ये आणि २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. नकाशाला लागू पडणारे निकष असे: चित्राला शब्दांचा पर्याय, सर्व कामे कीबोर्डने करता येणे, केवळ रंगावर अर्थ न सोपवणे, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ स १ आणि अर्थवाही रेषा-खुणांसाठी ३ स १ इतका उठाव, म्हणजे पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक. २.२ आवृत्तीने नकाशाच्या दृष्टीने महत्त्वाची भर घातली. जे ओढून करता येते ते नुसत्या टिचकीनेही करता यावे, म्हणजे नकाशा सरकवण्यासाठी बाणांची बटणे असावीत. पान चौपट मोठे केल्यावर आडवे सरकवावे लागू नये या नियमातून नकाशाला सूट आहे, पण शेजारच्या शोधपट्टीला आणि सूचीला नाही.

भारतात सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम निघाली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक माहिती तंत्रज्ञानाच्या उत्पादनांना आणि सेवांना लागू होते.

कायदा

अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला सर्व आशय सुगम्य असेल याची काळजी शासनाने घ्यायची आहे. नकाशाला वगळणारा शब्द त्या कलमात नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास सांगितले. त्याच न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्याच्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. २०१६ च्या निर्देशाने सार्वजनिक संस्थांच्या ऑनलाइन नकाशांना सुगम्यतेच्या अटींतून वगळले. वाट दाखवणाऱ्या नकाशांची आवश्यक माहिती मात्र सुगम्य रूपात द्यावी लागते. तांत्रिक अडचणी पाहता ही सवलत समजण्यासारखी आहे, पण भारतासाठी ती योग्य नाही. इथे जमीनधारणा, भूखंडांवरील आरक्षण आणि पूररेषा यांचे नकाशे वाट दाखवत नसले तरी माणसाची मालमत्ता आणि जीव त्यांवर अवलंबून असतो.

स्पर्श

कोलकात्याच्या राष्ट्रीय मानचित्रावली आणि विषयक मानचित्रण संस्थेने दृष्टिहीनांसाठी ब्रेल मानचित्रावली तयार केली असून ती २०१७ मध्ये प्रकाशित झाली. अमेरिकेत ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून तयार होणाऱ्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून एखाद्या पत्त्याभोवतीचा उठावाचा नकाशा छापून देण्याची पद्धत विकसित झाली आहे. जागेची रचना बोटांना कळणे ही चतुःसीमेच्या वाक्यांनी भरून न निघणारी गोष्ट आहे. जिल्हा मुख्यालयी मागणीनुसार असे नकाशे छापून मिळाले तर शाळा आणि न्यायालये दोन्हींना उपयोग होईल.

तपासणी

स्वयंचलित तपासणीत रंगांचा उठाव आणि सुटलेली पर्यायी वर्णने सापडतात, पण वर्णन बरोबर आहे की नाही हे यंत्राला कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष काम देऊन तपासावे लागते: स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीने माऊसविना आपला गट शोधावा, त्याची चतुःसीमा सांगावी, नकाशाची प्रत उतरवून घ्यावी. तपासणाऱ्यांत अल्पदृष्टी आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेली माणसेही हवीत, आणि त्यांच्या कामाचा मोबदला निविदेतच धरलेला असावा. निविदेत सुगम्यतेची अट नसेल तर नंतरची दुरुस्ती महाग पडते, कारण हद्दींची माहिती चित्र म्हणून घेतली की निर्देशांक म्हणून, हे पहिल्याच टप्प्यावर ठरलेले असते.